परागंदा लेंकरें

एका बाजूस तलावाची पाळ व दुसऱ्या बाजूस नागझिऱ्याचें रान, अशा चोरखमारा गांवीं युद्ध हें दूरदेशींचें वर्तमान वाटेल. परंतु ह्याच गोंदिया जिल्ह्यांत, अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, प्रतापगडाजवळ १९७२ सालापासून नोर्ग्येलिंग नांवाची तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. हिंवाळ्यांत लोकरीचे कपडे विकणारे तिबेटी पुष्कळांनीं पाहिलेच असतील. १९५९ सालीं ल्हासा येथील उठाव चिनी सैन्यानें मोडल्यावर हजारों तिबेटी हिमालय ओलांडून भारतांत आले. त्यांच्या लेंकरांचें काय झालें, हा आजचा पाठ आहे.

पुष्कळ आईबापांस उत्तरेकडील डोंगरांत सडकेचें काम मिळालें. दिवसभर दगड फोडावयाचे, रात्रीं तंबूंत निजावयाचें. लहान मुलें आजारी पडूं लागलीं, कित्येक दगावलीं. तेव्हां १९६० च्या मे महिन्यांत जम्मूकडील सडकेच्या छावण्यांतून ५१ मुलें धरमशाळेस आणिलीं. दलाई लामांची थोरली बहीण त्सेरिंग डोल्मा ह्यांनीं त्यांचा सांभाळ पत्करिला; १९६४ सालीं त्या वारल्यावर धाकटी बहीण जेत्सुन पेमा ह्यांनीं तें काम चालविलें. मुलांचे जीव वांचले, पण ते वांचविण्यासाठींच त्यांस आईपासून तोडावें लागलें.

पोट भरलें, पांघरूण मिळालें, तरी असें मूल रडतें कां? ह्याचा शोध दुसऱ्या महायुद्धांत लंडन येथें लागला. शहरावर बाँब पडत असतां अ‍ॅना फ्रॉईड व डोरोथी बर्लिंगहॅम ह्या बायांनीं हॅम्पस्टेड भागांत बालगृहें चालविलीं. त्यांच्या पाहण्यांत असें आलें कीं, आईच्या कुशींत राहून बाँब ऐकलेलें मूल पुष्कळदां लवकर सांवरे, आणि आईपासून दूर सुरक्षित जागीं धाडलेलें मूल अधिक खचे. बोलूं लागलेलें मूल मुकें होई. मोठें झालेलें पुन्हां अंथरूण भिजवी. मग त्यांनीं थोड्या थोड्या मुलांमागें एकेक बाई नेमिली. प्रथम हेवा व रडारड फार वाढली! परंतु थोड्याच दिवसांत मुलें बोलूं व शिकूं लागलीं. धरमशाळेसही पुढें लहान घरें करून प्रत्येक घरावर एक गृहमाता नेमिली.

बाळ येशूसही रात्रीं मिसर देशांत न्यावें लागलें. पण मरीया बरोबर होती.

उपदेशक बंधूंनो, युद्ध किंवा दंगा ह्यांमुळें परागंदा झालेलें मूल तुमच्या गांवीं आलें, तर चारचौघांत त्यास "तूं काय पाहिलेंस?" असें विचारूं नका. दाणागोटा कमी असला तरी भावंडांस दोन घरीं वांटूं नका. जेवूंखाऊं घालणारी व जवळ निजविणारी बाई एकच असूं द्या. त्याच्या बोलीस हंसूं नका. अंथरूण भिजलें तर मारूं नका. आम्हीही तरुणपणीं अशा मुलांस "शूर हो, रडूं नको" असें सांगत असूं. तें चुकीचें होतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ दिवसांनीं आई भेटावयास येते आणि मूल तोंड फिरवून बसतें. त्यास कृतघ्न म्हणूं नका, व आईसही निराश होऊन परत जाऊं देऊं नका. तिला ओट्यावर दोन घटका नुसती बसूं द्या. बहुधा तें हळूच जवळ सरकून तिचा पदर धरील.