चार आण्यांचं पिस्तूल, बारा आण्यांचा मसाला

अमेरिकेतल्या मराठी घरात बंदूक आणायची, तर खर्च कशाकशाचा धरायचा?

फ्रिस्को असो की एडिसन, दिवाळीच्या सुमारास गप्पा सोन्याच्या भावावर येतात आणि तिथून चोऱ्यांवर. भीती अगदीच निराधार नाही. २०११ ते २०१४ या काळात जॉर्जिया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन आणि टेक्सासमध्ये आशियाई वंशाची घरं हेरून लुटणारी एक टोळी होती. तिच्या म्होरक्या बाईला २०१९ साली ३७ वर्षांची शिक्षा झाली. अशा गप्पांच्या शेवटी कुणीतरी विचारतंच, "एखादं पिस्तूल घेऊन ठेवावं का?"

घ्यायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण घेणारे बहुतेक जण दुकानाच्या काचेमागे लावलेली किंमत पाहून ठरवतात, आणि फसगत तिथेच होते. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये, दाराला दणकट कडी, अलार्म आणि बाहेर उजेड हे स्वस्तातले उपाय आधी करून टाका. घरफोडी बहुधा घरात कुणी नसताना होते. तेव्हा कपाटात नुसती ठेवलेली बंदूक काहीच राखत नाही, उलट चोराच्या हाती आणखी एक किमती वस्तू लागते.

आधी व्हिसा बघा, मग मॉडेल

अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक बंदूक विकत घेऊ शकतात. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर पाऊल टाकण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. 'बाळगणे' या शब्दाचा अर्थही कायद्यात बराच रुंद आहे. ऑफिसच्या मंडळींबरोबर रेंजवर जाऊन भाड्याच्या पिस्तुलाने चार गोळ्या झाडणं एच-१बीवाल्याला महागात पडू शकतं.

घरात व्हिसा मिसळलेले असतील तर जास्त जपा. बायकोकडे ग्रीन कार्ड आणि नवरा अजून एच-१बीवर, असं असेल तर तिजोरीचा आकडा फक्त बायकोलाच ठाऊक हवा. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही तोच नियम. आणि नवऱ्यासाठीची बंदूक बायकोच्या नावावर घेण्याचा विचार मनातही आणू नका. विक्रेत्याकडे भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या अर्जात 'खरा खरेदीदार तुम्हीच का?' असा थेट प्रश्न असतो. दुसऱ्यासाठी अशी खरेदी केल्यास २०२२ च्या कायद्यानुसार १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच अर्जात गांजाबद्दलही विचारलेलं असतं. तुमच्या राज्यात गांजा दुकानात मिळत असला तरी केंद्राचा कायदा वेगळा आहे.

ग्रीन कार्डधारकाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. इतरांना दंड किंवा कैदेवर निभावतं, तुमची मात्र वीस वर्षांची घडी मोडू शकते.

कोणतं घ्यायचं?

घरासाठी मुख्य पर्याय तीन: पिस्तूल, रिव्हॉल्व्हर आणि शॉटगन.

नऊ मिलिमीटरचं मध्यम आकाराचं पिस्तूल आज सर्वात रुळलेलं आहे. ग्लॉक १९ च्या तोडीची पिस्तुलं साधारण ५५० ते ६५० डॉलरना मिळतात. काडतुसं स्वस्त, सुटे भाग आणि होल्स्टर कुठेही मिळतात. अडचण एकच: वरचा स्लाइड मागे ओढायला मनगटात जोर लागतो. संधिवात असेल तर त्यासाठी मुद्दाम हलक्या स्प्रिंगची मॉडेलं निघाली आहेत, ती हाताळून पाहा.

रिव्हॉल्व्हर वापरायला सोपं, पण गोळ्या बहुधा पाच-सहाच आणि चाप जड. खिशात मावणारं छोटं हत्यार नवशिक्याला सोयीचं, असा एक गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात उलट होतं. हत्यार जेवढं हलकं तेवढा झटका जास्त, आणि नळी आखूड असली की नेमही चुकतो.

पंप शॉटगन सर्वात स्वस्त. साधी नवी बंदूक २५० डॉलरच्या आसपास येते. बारा गेजचा धक्का खांद्याला सोसत नसेल तर वीस गेजची घ्या. पण ती लांब असते. टाऊनहाऊसच्या अरुंद जिन्यात एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने शॉटगन हे जमत नाही. आणि ती अंगावर लपवून नेणं तर शक्यच नाही.

पुण्यातल्या विटांच्या भिंती इथे विसरा. इथलं घर लाकडी सांगाडा आणि ड्रायवॉलचं. पिस्तुलाची गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते, आणि पलीकडे मुलांची खोली असू शकते. पुढे पसरणारी पोकळ टोकाची गोळी स्वसंरक्षणासाठी वापरतात ती याच कारणाने, पण भिंतीतून तीही आरपार जाऊ शकते. मागे काय आहे हे दिसल्याशिवाय चापाला बोट नाही. म्हणून खर्चात एक चांगला टॉर्च धराच. पहाटे तीनला स्वयंपाकघरात हललेली सावली जेट लॅगमुळे चहा करायला उठलेल्या सासऱ्यांची असू शकते.

विकत घेण्याआधी रेंजवर भाड्याने मिळणारी दोन-तीन मॉडेलं चालवून पाहा. दहा-वीस डॉलर भाडं आणि गोळ्यांचे पैसे जातील, पण सहाशेची चूक टळेल.

घरात ती कुठे राहणार?

हा प्रश्न मॉडेलच्याही आधी विचारायला हवा. अमेरिकेत २०२३ साली बंदुकीने सुमारे ४६,७०० मृत्यू झाले. त्यांतल्या सुमारे २७,३०० आत्महत्या होत्या. दारातून आत येणाऱ्या चोरापेक्षा घरातल्याच एखाद्या खचलेल्या माणसाला कपाटातल्या बंदुकीपासून जास्त धोका असतो. घरात कॉलेजच्या निकालाने हादरलेलं मूल असेल, नोकरी गेलेला माणूस असेल, तर बंदूक काही काळ घराबाहेर ठेवण्यात कमीपणा नाही. ९८८ हा आधाराचा फोन क्रमांक देशभर चालतो.

बटणांच्या आकड्यावर उघडणारी, भिंतीला किंवा पलंगाला बोल्टने घट्ट बसवलेली छोटी तिजोरी १५० ते ३०० डॉलरना येते. केबल लॉक 'प्रोजेक्ट चाइल्डसेफ' या उपक्रमातून अनेक पोलीस ठाण्यांत फुकट मिळतो. मात्र केबल लॉक म्हणजे तिजोरी नव्हे. उशीखाली, माळ्यावर, देव्हाऱ्याच्या कपाटात या जागा मुलांना तुमच्या आधी ठाऊक असतात.

सोबत न्यायची तर राज्य महत्त्वाचं

घरात ठेवणं आणि कपड्यांआड लपवून बाहेर नेणं या कायद्याच्या दोन वेगळ्या गोष्टी. २०२२ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 'ब्रूएन' निकालानंतर न्यू यॉर्क, न्यू जर्सीसारख्या राज्यांना 'खास कारण दाखवा' ही अट सोडावी लागली. बाकीचे नियम मात्र कायम आहेत.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरील पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी ४० डॉलरचा परवाना काढून ठेवणं फायद्याचं. दुसऱ्या अनेक राज्यांत तो चालतो, आणि शाळेपासून हजार फुटांच्या आतल्या केंद्रीय बंदीतूनही त्यामुळे सूट मिळते. दारावर '३०.०६' ची पाटी किंवा मद्यगृहाचा लाल '५१%' दिसला, तर पिस्तूल आत न्यायचं नाही.

न्यू जर्सीत आधी ओळखपत्र, ५० डॉलर. मग प्रत्येक पिस्तुलामागे खरेदीचा परवाना, २५ डॉलर. बाहेर न्यायचा परवाना वेगळा, २०० डॉलर आणि फक्त दोन वर्षांसाठी. बोटांचे ठसे आणि नेमबाजीची चाचणी यांचा खर्च त्यावर. मॅगझिनमध्ये दहापेक्षा जास्त गोळ्या चालत नाहीत. पोकळ टोकाची गोळी घरात चालते, बाहेर सोबत नेता येत नाही. दुसऱ्या कुठल्याही राज्याचा परवाना इथे ग्राह्य नाही.

इलिनॉयमध्ये गोळीसुद्धा 'फॉइड' या बंदूकधारकाच्या ओळखपत्राशिवाय मिळत नाही. ते १० डॉलरचं. लपवून नेण्याचा परवाना १५० डॉलरचा, पाच वर्षांसाठी, आणि त्याआधी १६ तासांचं प्रशिक्षण. कॅलिफोर्नियात २५ डॉलरची लेखी परीक्षा, दहा दिवसांची प्रतीक्षा, आणि जुलै २०२४ पासून किमतीवर ११ टक्के जादा कर. शिवाय दुकानात राज्याच्या यादीतलीच पिस्तुलं मिळतात.

पोस्ट ऑफिसात आणि केंद्र सरकारच्या इमारतींत परवाना असला तरी मनाई. आणि पर्समध्ये पिस्तूल ठेवणाऱ्यांनी पर्स कुठे-कुठे खाली टेकवतो ते आठवावं. मंडळाच्या गणपतीत खुर्चीवर ठेवलेल्या पर्सकडे मुलं सर्वात आधी जातात.

प्रवास, आणि मुंबईचं विमान

दुसऱ्या राज्यातून जाताना १९८६ च्या केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळतं, पण निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी तुमची बंदूक कायदेशीर हवी. ती रिकामी, कुलूपबंद आणि हाताला न येणाऱ्या जागी ठेवा. देशांतर्गत विमानात ती कडक कवचाच्या कुलूपबंद पेटीत, काउंटरवर सांगूनच चेक-इन करायची.

रेंजवर नेलेली बॅग पुन्हा भारताच्या सामानासाठी वापरू नका. कोपऱ्यात राहिलेलं एक काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. जाणूनबुजून बाळगलं नव्हतं हे पुढे कोर्टात सिद्धही होईल, पण तोवर तुमची सुट्टी पोलीस ठाण्यात गेलेली असेल. रेंजसाठी वेगळी बॅग ठेवा. वीस डॉलरचा खर्च आहे.

पहिल्या वर्षाचा हिशेब

महिन्यातून एकदा सराव करणाऱ्याचा हा अंदाज, डॉलरमध्ये. राज्याची फी आणि कर यात धरलेले नाहीत.

नऊ मिलिमीटरचं पिस्तूल: ५७५
बोल्टने बसवलेली तिजोरी: २००
प्रशिक्षण वर्ग: २००
होल्स्टर आणि जाड पट्टा: १३०
कानांचं संरक्षण, चष्मा, सफाईचं सामान: १००
सरावाच्या गोळ्या, महिन्याला शंभर: ३६०
रेंजची फी, बारा वेळा: ३००
स्वसंरक्षणाच्या गोळ्या: ५०
एकूण: १,९१५

टॉर्चचे पन्नास-शंभर डॉलर वर धरा. होल्स्टरच्या बाबतीत कंजुषी नको. चाप पूर्ण झाकणारं, कडक साच्याचं होल्स्टर नसेल तर पिस्तूल कमरेला लावूच नका.

चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला, ही म्हण इथे अगदी तंतोतंत बसत नाही. हिशेब केला तर पिस्तूल रुपयातले पाच आणे घेतं आणि मसाला अकरा. पुढच्या वर्षी पिस्तुलाचा खर्च शून्य, पण सरावाचे साडेसहाशेहून जास्त पुन्हा लागतातच. बहुतेक जण नेमका तोच खर्च वाचवतात. पाच वर्षांपूर्वी एकदा चालवलेलं पिस्तूल अंधारात, धडधडत्या छातीने, थरथरत्या हातात घेणारा माणूस चोराइतकाच घरच्यांनाही धोक्याचा असतो.

तेव्हा दुकानात जाण्याआधी दोन हजार डॉलर आणि वर्षातले बारा शनिवार बाजूला काढता येतील का ते पाहा. पैसे आहेत पण शनिवार नाहीत, असं उत्तर आलं, तर ते दोन हजार अलार्म, कड्या आणि बँकेच्या लॉकरवर घाला. तिथे सराव लागत नाही.