शाळेपुढं हरळी लावा

शाळेपुढं मोकळी जागा आहे. उन्हाळ्यात तिथं फुफाटा उडतो. पावसाळ्यात चिखल होतो. मग पोरांनी खेळावं कुठं? तिथं हरळी लावा.

हरळी म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतात ती आपली वैरीण. कुळवानं तुटली की तुकड्यातुकड्याला फूट येते. पण अंगणात हाच गुण कामाचा. पेऱ्यापेऱ्याला मुळं फुटतात. ती माती धरून ठेवतात. पोरांनी तुडवली, गुरांनी चरली, तरी हरळी पुन्हा वाढते.

आधी जमीन खणा. ढेकळं फोडा, दगड वेचा. पाणी साचू नये म्हणून थोडा उतार द्या. पाऊस लागला की मुळांसकट कांड्या आणा. वीत-वीत अंतरावर लावा. दोन पेरी मातीत, शेंडा वर. पायानं दाबा. पावसानं ओढ दिली तर पाणी घाला. दोन महिने पोरं आणि गुरं आत सोडू नका. हेच खरं अवघड काम! पुढं विळ्यानं कापत राहा, म्हणजे ती दाट होते.

दाट सावलीत हरळी धरत नाही. तिला ऊन हवं. उन्हाळ्यात पिवळी पडली तर उपटू नका. मुळं जिवंत असतात. पाऊस पडला की ती हिरवी होते.

शेजारी कुणाचं शेत असेल तर मध्ये चर खणा. चरात आलेल्या कांड्या काढत जा. नाहीतर शेतवाला भांडायला येईल, आणि त्याचं काही चुकणार नाही.