काकूंच्या उरलेल्या गोळ्या घेऊ का?

“शेजारच्या काकूंना नागीण झाली होती, त्यांच्या ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या उरल्यात. त्याच घेऊ का, नर्सबाई?” जननेंद्रियावर पुळ्या आल्या की काही भगिनी असे विचारतात.

घेऊ नका. औषध तेच असले तरी मात्रा निराळी. नागिणीला ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ दिवस. जननेंद्रियाच्या हर्पिसला पहिल्या खेपेस बहुधा ४०० मिलिग्रॅम, ३ वेळा, ७ ते १० दिवस. शिवाय तो फोड गरमीचाही असू शकतो. तिथे ही गोळी काडीचीही कामाची नाही. म्हणून आधी तपासणी.

डॉक्टरांनी दिल्यावर गोळ्या लगेच सुरू कराव्यात, बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नयेत. पाणी भरपूर प्यावे. मूत्रपिंडाचे दुखणे असल्यास आधीच सांगावे. औषध लघवीवाटे जाते, मात्रा कमी करावी लागते.

पुळ्या सुकतात, पण विषाणू मज्जातंतूत दडून राहतो व पुन्हा उठतो. लागण कित्येक वर्षांपूर्वीचीही असू शकते, तेव्हा घरात उगाच संशयाचे भांडण नको. पुळ्या असेतो संबंध टाळावा. एरवी निरोधने धोका कमी होतो, अगदी जात नाही. तांबीने पाळणा लांबतो, हा रोग अडत नाही.

दिवस गेले असतील तर पहिल्या तपासणीतच सांगा. शेवटच्या महिन्यांत नवी लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकते. कळा सुरू होताना पुळ्या असल्यास डॉक्टर सिझेरियन सुचवतात.