समपातळी : पत्र्याच्या केबिनीचा तोल आणि साधनांची निवड

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीवर ठेवलेले घर पहिल्या दिवशी जसे असते, तसेच ते दोन पावसाळ्यांनंतर राहील याची खात्री देता येत नाही. हे दगडी वाड्याला लागू आहे, सिमेंटच्या इमारतीला लागू आहे आणि कारखान्यात तयार होऊन ट्रकवरून येणाऱ्या पत्र्याच्या केबिनीला तर सर्वाधिक लागू आहे. वाळूज, शेंद्रा, बिडकीन या औद्योगिक परिसरांत अशा केबिनी कार्यालय म्हणून, पहारेकऱ्याची खोली म्हणून, कामगारांचा निवारा म्हणून सर्रास दिसतात. पक्क्या इमारतीचा निधी जमेपर्यंत शाळा आणि वसतिगृहेही त्यांचाच आधार घेतात. तात्पुरती म्हणून आणलेली ही खोली पुष्कळदा वर्षानुवर्षे राहते आणि तिच्यात मुले झोपतात. म्हणून तिचा तोल हा केवळ सोयीचा प्रश्न नाही.

या स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकांनी अशा विषयावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु इतिहासाच्या अभ्यासात ‘साधन’ हा शब्द जितका महत्त्वाचा, तितकाच तो गवंड्याच्या कामातही महत्त्वाचा आहे. कागद असो वा ताम्रपट, त्याची साक्ष मानण्यापूर्वी आम्ही त्याची परीक्षा करतो. पातळी मोजणाऱ्या साधनाचेही तसेच आहे. ते महाग आहे किंवा नवे आहे म्हणून खरे ठरत नाही. ते तपासता आले, तरच खरे ठरते. प्रस्तुत पाठाचा सारा आशय या एका वाक्यात आहे.

१. केबिन का कलते?

आपल्या भागातील काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज असते. ते पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या भेगा आणि पावसाळ्यात त्यांचे मिटून जाणे, हा त्याचाच प्रत्यय होय. जड इमारत आपल्या वजनाने हे फुगणे काही अंशी दाबून धरते. केबिन हलकी असल्यामुळे माती तिला सहज वर उचलते आणि सहज खाली सोडते.

सगळी जमीन सारखीच फुगली आणि सारखीच आकसली, तर फारसे नुकसान होणार नाही. अडचण होते ती असमान ओलाव्याने. एका कोपऱ्याजवळ नळ गळतो, एका बाजूस छपराची पागोळी पडते, दुसऱ्या बाजूस मोठ्या झाडाची मुळे उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढून घेतात. मग एक टोक वर आणि दुसरे खाली होते. दार चौकटीत अडकू लागते, खिडकी सरकत नाही, फरशी पुसताना पाणी एकाच कोपऱ्यात धावते, पत्र्याच्या सांध्यातील स्क्रू ताणले जातात. ही लक्षणे दिसली की पुष्कळ लोक लगेच जॅक आणायला धावतात. खरे तर तेव्हा आधी मोजपट्टी आणली पाहिजे.

२. कोणते साधन निवडावे?

पहिले साधन पाणसळ. काचेच्या नळीतील बुडबुडा मध्यावर आला की पृष्ठभाग समपातळीत आहे, असे ती सांगते. तिची परीक्षा सोपी आहे. पाणसळ एका जागी ठेवून बुडबुडा पाहावा, मग तिची दोन टोके अदलाबदल करून त्याच जागी पुन्हा ठेवावी. दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला तेवढाच सरकला, तर दोष पृष्ठभागाचा. बाजू बदलली, तर दोष पाणसळीचा. परंतु खरी पाणसळही लांब अंतराला पुरत नाही. मीटरला एक मिलिमीटरची चूक असलेली पाणसळ टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत सहा मीटर नेली, तर ती चूक सहा मिलिमीटर होते. म्हणून एखादा चॅनल किंवा दाराची चौकट पाहण्यास पाणसळ घ्यावी. संपूर्ण केबिनीसाठी नव्हे.

दुसरे साधन लेव्हल पाइप. बांधकामावरील प्रत्येक गवंड्याला तो ठाऊक असतो. पारदर्शक नळीत पाणी भरले की तिच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीला येते. या तत्त्वाचा भव्य प्रयोग आपल्या शहरातच उभा आहे. मलिक अंबर यांनी १६१० मध्ये खडकी हे नगर वसवले आणि पुढे भूमिगत नहरींद्वारे केवळ उताराच्या बळावर त्याला पाणी पुरवले. नंतरच्या काळात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळील पाणचक्कीसाठी डोंगराकडचे पाणी मातीच्या बंद नळांतून आणून उंच चढवले गेले. ते पाणी वर चढते, कारण त्याचा उगम त्याहून उंचावर आहे आणि पाणी आपली पातळी गाठू पाहते. पंचवीस-तीस फुटांच्या लेव्हल पाइपात हेच घडते.

लेव्हल पाइप काळजीपूर्वक वापरल्यास चूक दोन-तीन मिलिमीटरच्या आत राहते. त्यासाठी चार गोष्टी पाळाव्यात. नळीत हवेचा एकही बुडबुडा नसावा. वाचन घेताना दोन्ही टोके उघडी असावीत. एकावर अंगठा राहिला की पाणी खोटे बोलते. नळीला कुठे पीळ किंवा घडी नसावी. अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत राहू देऊ नये, कारण तापलेले पाणी हलके होते आणि त्या बाजूचा स्तंभ किंचित उंच दिसतो. परीक्षेसाठी दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरावीत. पाणी एका रेषेत आले, तर साधन विश्वासार्ह.

तिसरे साधन लेझर. ते जलद आहे आणि एकट्या माणसाला वापरता येते. मात्र भर उन्हात त्याची रेषा दिसत नाही. चौथे साधन ऑटो लेव्हल, म्हणजे तिपाईवरील दुर्बीण आणि तिच्यासोबतचा मोजणीचा स्टाफ. दूरच्या अंतरासाठी ते श्रेष्ठ आहे. दुर्बीण मोजायच्या दोन बिंदूंपासून सारख्या अंतरावर ठेवली, की तिच्यातील लहान दोष दोन्ही वाचनांत सारखाच येतो आणि वजाबाकीत निघून जातो. मोबाइलमधील पातळीचे अॅप मात्र या कामासाठी घेऊ नये. फोनची पाठ लहान असते, तिच्यावर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो आणि काही इंचांवर मिळालेले उत्तर वीस फुटांना लावणे अविवेकाचे आहे.

सारांश, वीस फूट लांबीच्या एका केबिनीसाठी लेव्हल पाइप पुरेसा आहे. आवारात पाच-सहा केबिनी ओळीने मांडायच्या असतील, तर ऑटो लेव्हल भाड्याने आणावी. जी चूक शोधायची आहे, तिच्यापेक्षा साधनाची स्वतःची चूक बरीच लहान असावी; निवडीचा नियम एवढाच.

३. मोजणीचा नमुना

वीस फूट लांब व दहा फूट रुंद अशी एक केबिन कल्पू. तिच्या तळाच्या पोलादी चौकटीस सहा ठिकाणी सिमेंटच्या ठोकळ्यांचा आधार आहे. एका लांब बाजूस क्रमाने अ, ब, क आणि समोरच्या बाजूस ड, इ, फ. पाण्याची एकच पातळी सर्व ठिकाणी फिरवून, त्या पातळीपासून खाली चौकटीपर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजले : अ ४१२, ब ४१८, क ४३१, ड ४०९, इ ४१५, फ ४३७.

अंतर जितके मोठे, तितका तो बिंदू खाली. ड हा सर्वांत उंच बिंदू ठरला. प्रत्येक वाचनातून ४०९ वजा करावेत, म्हणजे कुठे किती उचलायचे ते कळते : अ ३, ब ९, क २२, ड शून्य, इ ६, फ २८ मिलिमीटर. गवंड्याच्या भाषेत फ येथे सुमारे नऊ सूत, कारण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. क आणि फ हे एकाच टोकाचे बिंदू आहेत, म्हणजे दोष त्या टोकाला आहे, हेही आकड्यांनी सांगितले.

परंतु ते टोक खचले की समोरचे टोक फुगून वर आले, हे केबिनीपुरत्या मोजणीतून कळत नाही. त्यासाठी बाहेरची एक स्थिर खूण हवी. मुरमावर किंवा खडकावर पाया असलेल्या जुन्या इमारतीच्या जोत्यावर रंगाने रेघ मारावी आणि प्रत्येक वाचन तिच्याशी जोडावे. मे महिन्यात एकदा आणि सप्टेंबरअखेर एकदा अशी मोजणी वहीत नोंदवली, तर वर्षभरात जमिनीचे वर्तन कळून येते. नोंद नसलेली दुरुस्ती दरवर्षी नव्याने करावी लागते.

४. उचलण्याची रीत

हे काम जाणत्या कारागिराचे आहे. विद्यार्थ्यांनी ते दुरून पाहावे. केबिनीच्या आत किंवा खाली त्या वेळी कोणीही असू नये. आधी खाटा, कपाटे बाहेर काढावीत. विजेची जोडणी बंद करून सोडवावी, पाण्याचा नळ सैल करावा.

जॅक दोन प्रकारचे मिळतात. तेलावर चालणारा बॉटल जॅक कमी श्रमात जास्त भार उचलतो, पण तेल झिरपले तर हळूहळू बसतो. आट्यांचा स्क्रू जॅक सावकाश चालतो, पण जिथे थांबवला तिथे सहसा टिकून राहतो. कोणताही घेतला तरी जॅक हे उचलण्याचे साधन आहे, आधार देण्याचे नव्हे. जॅकच्या शेजारी आडव्या-उभ्या लाकडी ओंडक्यांची चौकडी रचत जावी, म्हणजे जॅक निसटला तरी भार लाकडावर येईल. एक कोपरा उचलताना वजन सहा आधारांवर समान राहत नाही. म्हणून केबिनीच्या वजनाचा सहावा हिस्सा धरून जॅक घेऊ नये, त्याच्या कित्येक पट क्षमतेचा घ्यावा.

जॅकखाली जाड फळी किंवा पोलादी प्लेट हवी, नाहीतर ओल्या मातीत जॅकच रुततो. जॅकचे डोके चौकटीच्या चॅनलला लावावे. फरशीच्या पत्र्याला कधीही नाही. एका वेळी एक सूतभर उचलावे, मग पुढच्या आधाराकडे जावे. एकाच कोपऱ्याला सगळे नऊ सूत एकदम उचलले, तर चौकट पिळते आणि दारे-खिडक्या कायमच्या बिघडतात. ठोकळा आणि चॅनल यांमधील फट पोलादी पट्ट्यांनी भरावी. विटांचे तुकडे किंवा फुटक्या फरश्या घालू नयेत. त्या भाराखाली चुरतात. शेवटी तीच सहा वाचने पुन्हा घ्यावीत.

५. मूळ कारणाचा उपाय

पाणी तसेच राहिले, तर पातळीही टिकणार नाही. छपराला पन्हाळ लावून पाणी लांब सोडावे. केबिनीभोवती बाहेरच्या बाजूस उतार देऊन सिमेंटची पट्टी करावी. गळका नळ आधी दुरुस्त करावा. नवीन केबिन बसवताना ठोकळ्यांखालील काळी माती काढून टाकावी, तिथे मुरूम थराथराने धुम्मस करून भरावा आणि त्यावर काँक्रीटची बैठक घालावी. कायमची इमारत बांधायची झाल्यास मात्र फुगीर तळाचे खांब खोल घालण्याची पद्धत आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती काळ्या मातीसाठीच विकसित केली.

अमेरिकेत कारखान्यात बनलेल्या घरांत लक्षावधी कुटुंबे राहतात. १९७६ पासून तेथे अशा घरांसाठी राष्ट्रीय मानके लागू आहेत आणि घर जमिनीला पट्ट्यांनी बांधून ठेवणे ही तेथील परिचित रीत आहे. आपल्याकडे वळवाच्या वादळात पत्रे उडताना आपण पाहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील जड माळवदे हजारो माणसांवर कोसळली. नुसते एकावर एक रचलेले काहीही हादऱ्याला टिकत नाही, हा त्या पहाटेचा धडा आहे. म्हणून ठोकळ्यांची उतरंड उंच करू नये आणि केबिनीची चौकट जमिनीतील काँक्रीटला साखळीने किंवा बोल्टने जखडावी.

विद्यार्थ्यांसाठी

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील बांधकामावर राबतात. लेव्हल पाइपाचे एक टोक धरून उभे राहिलेल्या त्या हातांजवळ एक शास्त्र आहे. ते पुस्तकात आले नाही म्हणून कमी प्रतीचे ठरत नाही. त्या हातांना वहीची आणि वहीला त्या हातांची जोड मिळाली पाहिजे. येत्या सुट्टीत घरी गेल्यावर दहा फूट पारदर्शक नळी घ्या, तिची परीक्षा करा, घराच्या चारही कोपऱ्यांची वाचने घ्या आणि तारखेसह लिहून ठेवा. पावसाळा संपल्यावर तीच वाचने पुन्हा घ्या. दोन्ही रकाने शेजारी मांडले, की आपल्या घराखालच्या जमिनीबद्दल इतर कोणी सांगण्याची वाट पाहावी लागणार नाही.