हाडात उतरलेला कॅन्सर : वाशिमहून उपचार करताना पैसा कुठे लागतो, कुठे वाचतो

कंबर धरली की आपल्याकडे आधी 'मणक्यात गॅप' निघतो, मग मालिश आणि पट्टा. पण स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी किंवा थायरॉइडचा कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाची रात्री पडल्यापडल्याही न थांबणारी कंबरदुखी त्या वाटेने नेऊ नका. हे कॅन्सर मणका, कंबरेचं हाड, बरगड्या नि मांडीच्या हाडात उतरतात.

हाडात पसरलेला आजार सहसा मुळापासून जात नाही. तरी स्तन आणि प्रोस्टेटचे रुग्ण उपचारांवर काही वर्षं काढतात. फुप्फुसाच्या आजारात मात्र बहुधा महिन्यांचाच हिशेब असतो. म्हणून वावर विकण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा, या खर्चाने आयुष्य वाढेल की दुखणं कमी होईल?

बराच पैसा जातो तो येण्याजाण्यात. दुखऱ्या हाडाला दहा दिवस रेडिएशन सांगितलं आणि भाड्याच्या गाडीने अकोल्याच्या संत तुकाराम हॉस्पिटलची फेरी अडीच हजारांना पडली, तर पंचवीस हजार रुपये झाले. २०२५-२६च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हे जवळपास पाच क्विंटल सोयाबीन! हाड मोडलेलं नसेल आणि मज्जारज्जूवर दाब नसेल, तर रेडिएशनचा ८ ग्रेचा एकच डोस दहा डोसांइतकाच वेदना शमवतो. पुढे पुन्हा रेडिएशन लागण्याची शक्यता मात्र जास्त असते. 'एका डोसात भागेल का?' हे विचाराच.

झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं हाडं मजबूत ठेवणारं इंजेक्शनही अनेकांना दर महिन्याऐवजी तीन महिन्यांनी चालतं. त्याच कामाचं डेनोसुमॅब याहून बरंच महाग. दोन्हींआधी दात दाखवून घ्या. झोलेड्रॉनिकच्या प्रत्येक डोसाआधी किडनीसाठी क्रिएटिनिनही तपासा. प्रोस्टेटच्या रुग्णाने कायम हार्मोनची इंजेक्शनं घ्यायची, की वृषणं काढण्याचं एकदाच होणारं ऑपरेशन करायचं, हेही मोकळेपणी बोला. लाजेपायी इंजेक्शनांचा खर्च वर्षानुवर्षं चालू राहतो.

मज्जारज्जूवर दाब येऊन पाय लुळे पडले, लघवी अडली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. इथे पैशाचा विचार करत थांबू नका, उशीर झाला तर पायांतली ताकद बहुधा परत येत नाही.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या हॉस्पिटलातच आणि पूर्वमंजुरीनेच मिळतं. रेशनकार्ड, आधार, बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आधी हॉस्पिटलातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, हेल्पलाइन १५५३८८. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलला जायचं तर हॉस्पिटलकडून रेल्वे सवलतीचा दाखला भरून घ्या. स्लीपर आणि थर्ड एसीत रुग्णाला भाडं माफ, सोबत्याला ७५ टक्के सूट.