घरातला हिशेब आणि पोरीचा पेपर

तुमच्याही घरी असंच झालं असेल. लेक म्हणाली, "बी.ए.ला अर्थशास्त्र घेते," आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "त्यानं नोकरी कोणती लागते?" तिचा चेहरा उतरलेला मला दिसला. पण तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि मी उठले.

प्रश्न काही चुकीचा नव्हता. आमच्या बोरगावात एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला संत्र्याचे बगीचे, आणि पोरं मोठी झाली की नागपूरची बस. फी भरताना पोटात गोळा येतो, त्या काळजीपोटीच आपण विचारतो. पोरांना मात्र एवढंच ऐकू येतं, की मी निवडलेलं आईला पटलं नाही.

आपल्या मध्य प्रदेशातल्या सौसर-पांढुर्ण्याकडच्या पोरांवर आणखी एक ओझं आहे, ते आपल्या लवकर लक्षात येत नाही. घरात मराठी, कॉलेजात हिंदी. पुस्तकात 'मुद्रास्फीति', घरात महागाई. एका रात्री ती डोळे मिटून 'राजकोषीय घाटा' पाठ करत होती. मी भांडी आवरता आवरता विचारलं, "म्हणजे काय गं?" ती अडली. मग शब्द शोधत म्हणाली, "सरकारची मिळकत कमी, खर्च जास्त. मधली तूट उधारीनं भरायची." मी म्हटलं, "हे तर आपल्या घरचंच झालं." ती हसली, पुस्तक मिटलं, आणि कितीतरी वेळ बोलत बसली. ज्या गोष्टी तिला पाठ होत नव्हत्या, त्या मला समजावताना तिलाच उलगडत गेल्या.

दमून आलेल्या जिवाला हे रोज जमत नाही, मला माहीत आहे. आठवड्यातून एकदा, भाजी निवडताना, "आज काय शिकवलं, मला मराठीत सांग" एवढं म्हणून बघा.

पण पोरं बोलायला लागली की आपणच घाबरतो. मागच्या वर्षीची गोष्ट. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्र सरकारनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग 31 डिसेंबरपर्यंत. त्याच महिन्यात अमेरिकेनं आपल्या मालावर 50 टक्के शुल्क लावलं होतं, त्याची झळ कापडाच्या धंद्याला बसत होती. लेकीच्या वर्गात तेव्हा चालू आर्थिक प्रश्नांवर चर्चा चालली होती. रात्री जेवताना तिनं विषय काढला. तिचे बाबा कापडाच्या कारखान्यात. ते म्हणाले, बरं झालं, सूत स्वस्त पडेल, काम टिकेल. माझ्या सासऱ्यांनी, आबाजींनी, हातातला घास ताटात ठेवला. "बाहेरचा कापूस आला तर आमचा कोण घेईन मंग?"

त्या हंगामात कागदावर मध्यम धाग्याच्या कापसाला 7,710 रुपये क्विंटल हमीभाव होता आणि लांब धाग्याला 8,110. पण त्या भावानं विकायला केंद्रावर नंबर लागावा लागतो, माल ओला म्हणून परत यायला नको, आणि तोवर घरची नड थांबायला हवी. आबाजी हे सगळं बोलले नाहीत. पाणी प्यायले आणि गप्प बसले.

मी नेहमीसारखं म्हटलं, "जेवताना वाद नको."

ती म्हणाली, "वाद नाही आई. दोघंही बरोबर आहेत. मॅडमनी हेच तर विचारलंय."

मला तेव्हा खरंच वाईट वाटलं. एका ताटाच्या दोन बाजूंना बसलेला प्रश्न तिनं पाहिला होता, आणि मी त्यावर झाकण ठेवायला निघाले होते. पुढे तिनंच सांगितलं, की बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 मध्येच लहान शेतजमिनींवर लिहून ठेवलंय. नुसते तुकडे जोडून भागणार नाही, शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, त्यांना उद्योगांत काम मिळालं पाहिजे. आमच्या चार एकरांवर दीर राहिले आणि हे कारखान्यात गेले, त्याची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच्या निबंधात सापडावी, याचं तिला केवढं अप्रूप!

आता जड गोष्ट सांगते. तिला एका कुटुंबाचा महिन्याचा खर्च मांडून आणायचा होता. तिनं आपलंच घर घेतलं. मी किराणा सांगितला, दूध, वीज, गॅस सांगितलं. बचत गटाचं कर्ज सांगितलं नाही. तिच्या फीसाठी आणि फोनसाठी मी वीस हजार उचलले होते. पोळ्यांच्या डब्यामागे ठेवलेली गटाची वही तिला सापडली.

"महिन्याला शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के होतात आई," एवढंच बोलली. रागावली नाही. पण त्या आठवड्यात तिनं बसचे पैसे मागितले नाहीत. मैत्रिणीच्या गाडीवर जाते म्हणाली, आणि एक दिवस गेलीच नाही.

आपण लपवतो ते पोरांच्या भल्यासाठीच. अभ्यासाच्या वयात घोर नको म्हणून. पण ती अठरा-एकोणीस वर्षांची असतात, वही सापडतेच. आणि अर्धवट कळलं की ती सगळा दोष स्वतःवर घेतात. माझ्यामुळे कर्ज झालं, मीच कमी खायचं, मीच कॉलेज सोडायचं.

मग एका रविवारी मी तिला जवळ बसवलं आणि वही उघडली. महिन्याला चारशे व्याज, दर महिन्याला मुद्दल किती उतरतं, कधी फिटेल, सगळं दाखवलं. आणि म्हटलं, "हे तुला माहीत असू दे. पण हे फेडायचं काम माझं आणि बाबांचं आहे. तुझं काम बसनं कॉलेजात जायचं." ती रडली, मीही रडले. सोमवारी तिनं पैसे मागून घेतले.

एवढंच तुम्हालाही सुचवावंसं वाटतं. आकडा सांगा, आणि त्यातला तिचा वाटा किती नाही, तेही त्याच दमात सांगा. तिनं काढलेल्या चोवीस टक्क्यांनी मलाही जागं केलं. आता बँकेकडून गटाला कमी व्याजात काय मिळतं, ते आम्ही बायका विचारायला जाणार आहोत, आणि ती सोबत येते म्हणाली आहे.

सध्या तिनं पेपरसाठी संत्र्याचा विषय घेतलाय. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवत नेलं आणि नागपुरी संत्र्याची ती बाजारपेठ आटली, त्याचा आपल्या बागवाल्यांवर काय परिणाम झाला, असा. आबाजींना म्हणाली, व्यापाऱ्यानं इसार दिला त्या चिठ्ठ्या दाखवता का? आबाजींनी आजवर त्या चिठ्ठ्या माझ्या नवऱ्यालाही दाखवल्या नव्हत्या. काल ते पेटीतून रुमालात बांधलेला गठ्ठा घेऊन आले, गाठ सोडली, आणि तिला म्हणाले, "उद्या दुपारी बस पोरी. उजेडात नीट वाचता येते."