धरणाचं लायसन्स पुन्हा मागताना

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू इंग्लंडच्या नद्यांवर, कापडगिरण्या आणि कागदगिरण्यांसाठी बांधलेले जुने बंधारे जागोजागी दिसतात. गिरण्या गेल्या, बंधारे राहिले. त्यांतल्या कितीतरींवर आज एक-दोन मेगावॅटची वीजकेंद्रं चालतात. या केंद्रांच्या लायसन्सचं नूतनीकरण करून देणं हे माझं काम. भारतात २००३च्या वीज कायद्यापासून वीजनिर्मितीला लायसन्सच लागत नाही, म्हणून तिकडचे इंजिनिअर मित्र विचारतात, चालू केंद्राला पुन्हा परवानगी कसली? त्यांच्यासाठी आणि या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

१. मुदत संपण्याच्या पाच वर्षं आधी कामाला लागा

लायसन्स देतं फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशन. बोलताना सगळे ‘फर्क’ म्हणतात. मुदत ३० ते ५० वर्षांची, हल्ली बहुधा ४०. नूतनीकरण हवं असल्याची सूचना मुदतीच्या साडेपाच ते पाच वर्षं आधी द्यायची आणि पूर्ण अर्ज किमान दोन वर्षं आधी. मधला काळ कागदावर भरपूर दिसतो, पण पाहण्या ऋतूंप्रमाणे चालतात. एखाद्या उन्हाळ्यात पाऊस लागून राहिला आणि नदी उतरलीच नाही, तर कमी पाण्यातली मोजणी पुढच्या उन्हाळ्यावर जाते.

२. नदी आपली नाही, हे मालकाला पहिल्याच बैठकीत सांगा

१९२०च्या कायद्याने मालकाला मिळतो तो ठरावीक मुदतीपुरता वापर. १९८६च्या दुरुस्तीनंतर विजेइतकाच मासे, वन्यजीव आणि नदीवर येणारी माणसं यांचा विचार करणं फर्कवर बंधनकारक झालं. मेन राज्यात केनेबेक नदीवर १८३७चं एडवर्ड्‌स धरण होतं, वीज जेमतेम साडेतीन मेगावॅट. १९९७मध्ये फर्कने त्याचं नूतनीकरण नाकारलं आणि मालकाची इच्छा नसताना धरण काढण्याचा आदेश दिला. असं पहिल्यांदाच घडलं. पुढे तडजोड होऊन १ जुलै १९९९ रोजी ते फोडलं गेलं आणि समुद्रातले मासे पुन्हा त्या पट्ट्यात चढू लागले. माझं पोट जलविद्युतवर चालतं, तरी तो निर्णय बरोबर होता असंच मी मानतो. एवढ्याशा विजेसाठी एवढी नदी अडवून ठेवणं योग्य नव्हतं.

३. पाण्याचा हिशेब महिन्यावार मांडा

खरी ओढाताण इथे असते. बंधाऱ्यावरून पाणी कालव्याने वीजघराकडे वळतं आणि मधला नदीचा तुकडा उन्हाळ्यात उघडा पडतो. त्यात किती पाणी सोडायचं? जागेवरचा अभ्यास नसेल, तर इथलं मत्स्य व वन्यजीव खातं उन्हाळ्यासाठी एक ठोकताळा लावतं: पाणलोटाच्या दर चौरस मैलामागे अर्धा क्युसेक. पाणलोट १०० चौरस मैल असेल तर ५० क्युसेक. २० फूट उंचीवरून पडणाऱ्या एका क्युसेकमधून सव्वा किलोवॅटच्या आसपास वीज मिळते. म्हणजे ५० क्युसेक वर्षभर सोडले तर साडेपाच लाख युनिट गेले, असं मालक धरून चालतो आणि घाबरतो.

पण एप्रिलमध्ये बर्फ वितळतं तेव्हा टर्बाइनला पेलणार नाही इतकं पाणी नदीला असतं, ते सांडव्यावरून जातंच. तोटा होतो तो मुख्यतः नदी उतरलेल्या महिन्यांत, आणि अगदीच कमी पाण्यात तर टर्बाइन नाहीतरी बंदच असतं. महिन्यावार मांडलं की भीतीचा आकडा खूपच खाली येतो.

मग जागेवरचा अभ्यास. गेट थोडं थोडं उघडत जायचं आणि दर वेळी खात्याच्या जीवशास्त्रज्ञांबरोबर रबरी पँट चढवून त्या तुकड्यात उतरायचं. आधी सुटी डबकी एकमेकांना जोडली जातात. मग गोट्यांवरून पातळ खळखळ सुरू होते. आणखी सोडलं की काठापर्यंतचे दगड भिजतात. दगड उलटला की खाली माशांचं खाद्य असलेल्या अळ्या दिसतात. हे सगळ्यांनी एकत्र पाहिलं की चर्चा ठोकताळ्यावरून त्या जागेवर येते. ठरणारा आकडा दर वेळी मालकाला हवा तेवढा कमी नसतो. तोही मान्य करायचा.

४. ईलसाठी रात्री जागा

ईल म्हणजे आपल्या वामसारखा लांबडा मासा. जन्म अटलांटिकमधल्या सारगासो समुद्रात, वाढ नदीत, आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात. उन्हाळ्याच्या सुरुवातीला रात्री बंधाऱ्यावर बॅटरी मारली, तर झिरपत्या पाण्याने ओल्या झालेल्या काँक्रीटवरून बोटभर पिल्लं अंगाला वळसे देत वर सरकताना दिसतात. ती कुठे जमतात ते आधी पाहायचं. शिडी तिथेच हवी. शिडी म्हणजे उतरती पन्हळ, तळाला ब्रशसारखे केस, वरून पाण्याची धार. खर्च फार नाही.

कठीण असतं ते परत उतरणं. दोन-तीन फुटी मोठे ईल पावसाळी, काळोख्या शरदातल्या रात्री खाली निघतात आणि टर्बाइनच्या पात्यांत सापडतात. उपाय दोन: पाऊण इंच फटींची जाळी, किंवा त्या दिवसांत रात्री मशीन बंद. माशांच्या वाटेबद्दलची संघीय खात्यांची अट फर्कला गाळता येत नाही. मात्र २००५पासून मालक तिला पर्याय सुचवू शकतो. तो अधिकार जरूर वापरा, पण हातात आकडे घेऊन.

५. राज्याचा दाखला विसरू नका

१९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याप्रमाणे पाण्याच्या गुणवत्तेबद्दलच्या राज्याच्या दाखल्याशिवाय, किंवा तो देण्याचा हक्क राज्याने सोडल्याशिवाय, लायसन्स मिळत नाही. जुन्या धरणांनाही हे लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये मेनमधल्याच एका खटल्यात सांगितलं.

६. सांडवा आधी, मासे नंतर

मिशिगनमधल्या ४.८ मेगावॅटच्या एडनव्हिल धरणाचा सांडवा मोठ्या पुराला अपुरा होता. मालकाने वर्षानुवर्षं तो वाढवला नाही, म्हणून २०१८मध्ये फर्कने लायसन्स रद्द केलं. धरण मात्र जागच्या जागीच राहिलं. १९ मे २०२० रोजी त्याचा मातीचा भराव खचला, खालचं सॅनफर्ड धरणही गेलं आणि हजारो लोकांना घरं सोडावी लागली. दुरुस्तीला पैसे नसलेल्या मालकाला मी नूतनीकरणाचा सल्ला देत नाही. धरण रीतसर काढायचा खर्च काढून देतो.

७. खर्च लहान होत नाही

दीड मेगावॅटच्या केंद्रालाही जवळजवळ तेच टप्पे, त्याच पाहण्या. १० मेगावॅटपर्यंत लायसन्समधून सूट मिळण्याची सोय आहे, तिला मुदत नसते, पण मत्स्य खात्यांच्या अटी जशाच्या तशा पाळाव्या लागतात. नदीच्या अटी सैल कराव्यात असं मी म्हणणार नाही. पण एकाच नदीवरच्या लहान केंद्रांचा अभ्यास एकत्र व्हायला हवा. खर्च वाटला जाईल, आणि ईल काही एकच बंधारा ओलांडत नाही.

८. मशीनवरच्या माणसाला मसुदा दाखवा

जाळीत कुठल्या महिन्यात काय अडकतं, गळती कुठे आहे, हे ऑपरेटरच्या वहीत असतं. नव्या अटी पाळायच्याही त्यालाच असतात. म्हणून अटींचा मसुदा मी आधी त्याच्यासमोर बसून वाचतो. जानेवारीत गेट बर्फाने गोठलं तर ठरलेलं पाणी कुठून सोडायचं, असं तो विचारतो. त्याचं उत्तर आल्याशिवाय मी मसुदा पुढे पाठवत नाही.